मुलाचे पारंपरिक हिब्रू नाव : आठ दिवसांचा कार्यक्रम

मुलगा झाल्याचे कळताच प्रथम घड्याळ पाहावे, पेढे नंतर. ज्यू परंपरेत मुलाचे नाव आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी जाहीर होते, आणि त्यांचा दिवस मावळतीला सुरू होतो. मंगळवारी दुपारी जन्मलेल्याची सुंता पुढच्या मंगळवारी. तोच रात्री आला तर बुधवारी. बाळाने जरा दम धरला की आईबापांना भांडायला एक दिवस जास्त मिळतो. तोवर नाव कुणापाशी बोलायचे नाही असा रिवाज आहे. तो पाडणाऱ्याला नातेवाइकांचा अनुभव दांडगा असणार.

आधी आजोबांचे प्रकरण मिटवावे. अश्केनाझी घरांत, म्हणजे मूळ जर्मनी-पोलंडकडच्या, हयात माणसाचे नाव बाळाला देत नाहीत, ते अशुभ. सेफार्दी घरांत, म्हणजे स्पेनमधून निघून भूमध्य समुद्राभोवती पांगलेल्यांच्या, हयात आजोबांचे नाव देण्यातच त्यांचा मान. आणि इस्रायलमध्ये या दोन घरांत सर्रास सोयरिकी होतात. मग एका आजोबांचे नाव ठेवले तर ते विचारतात, ‘मला घालवायची एवढी घाई?’ दुसऱ्यांचे नाही ठेवले तर ते म्हणतात, ‘मी तुमच्या लेखी मेलोच.’ दोघांचेही नाव योसेफ असेल तर ही पुस्तिका येथेच मिटावी आणि कागद-पेन घेऊन देवाकडे दाद मागावी.

‘नाव शुद्ध हिब्रूच हवे,’ असे बजावणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांना खुर्ची द्यावी आणि मोशेपासून सुरुवात करू द्यावी. मग हळूच सांगावे की फारोच्या मुलीने ठेवलेले हे नाव मुळात इजिप्शियनच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते मार्दखयकडे वळले तर बाबिलोनचा देव मार्दुक पुढे करावा. ‘मग काय अलेक्झांडर ठेवायचं?’ असे काका कडाडले की आपण जिंकलो. अलेक्झांडर हे ज्यूंमध्ये शतकानुशतके चालत आलेले नाव आहे! आख्यायिका अशी, की सिकंदराला यरुशलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा हवा होता. मुख्य याजकाने नम्रपणे सुचवले, पुतळा राहू द्या, यंदा जन्मणाऱ्या मुलांना आपले नाव देतो. दगड नाही, निविदा नाही, कावळे नाहीत, आणि राजा खूश. आपल्याकडच्या स्मारक समित्यांनी या प्रस्तावाचा जरूर विचार करावा.

धर्मग्रंथात आहे म्हणून दिसेल ते नाव उचलू नये. परंपरेच्या लेखी निम्रोद देवावर उलटलेला, तर ओम्री आधीच्या सगळ्या राजांहून दुष्ट. इस्रायलच्या बालवाड्यांत मात्र आज दोघेही घसरगुंडीसाठी रांगेत उभे असतात, तेव्हा यावर फार ताणू नये. खरी सावधगिरी संदेष्ट्यांबाबत बाळगावी. होशेयने मुलाचे नाव लो-अम्मी ठेवले, म्हणजे ‘माझे लोक नव्हेत’. यशयाने तर पोराला महेर-शालाल-हाश-बाझ म्हटले. त्यात लूट आहे आणि लगबग आहे, लाड कुठेच नाहीत.

हा सगळा घोळ कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी ‘जी’ लावून सोडवला होता. शमुवेलचा सामाजी, अब्राहामचा अबाजी, यहेज्केलचा हसाजी, आणि पुढे गावाचे आडनाव: पेणकर, रोहेकर, किहीमचे केहिमकर. सामाजी हसाजी दिवेकर हे नाव पेणच्या बाजारात मोठ्याने पुकारले तर कुणी मान वर करून पाहणार नाही. याच गृहस्थांनी 1796 मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग उभारले. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारी ही ‘शनिवार तेली’ मंडळी तोरा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रही पाळत होती आणि शेजारही. पुढे इंग्रजी आली, सामाजीचा सॅम्युअल झाला. इस्रायलमधल्या दिमोना-अश्दोदला पोचल्यावर सॅम्युअलचा श्मुएल. माझे मत विचाराल तर सामाजीची सर कशालाच नाही. पण आजकालच्या आयांना दोन अक्षरी नाव हवे असते, त्यामुळे माझे मत कुणी विचारत नाही.

एक जादा नाव हाताशी ठेवावे. वाईट निवाडा रद्द करणाऱ्या ज्या चार गोष्टी तालमूद या ज्यू ग्रंथाने सांगितल्या, त्यांत दान, आक्रोश आणि वागण्यातला बदल यांच्या जोडीला नावबदलही आहे. म्हणून जिवावरच्या दुखण्यात हायिम किंवा रफाएल असे नाव जोडतात. मृत्युदूताच्या कार्यालयातही यादीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळले नाही तर फाइल परत जाते, हे किती दिलासादायक!

सर्वांत अवघड बाब लग्नाची. बाळाचे डोळे नीट उघडलेले नसतात, पण रेगेन्सबर्गचे यहूदा हेहासीद (निधन 1217) मृत्युपत्रात सांगून गेले आहेत की सासरा-जावई एका नावाचे नसावेत, सासू-सूनही नसाव्यात. हे आजही कसोशीने पाळणारी घरे आहेत. तेव्हा मुलाचे नाव दावीद ठेवलेत, की अशा घरांतल्या जगभरच्या दावीदांच्या मुली एका फटक्यात बाद! मोशे, योसेफ, अब्राहाम यांचीही तीच गत. नाव जितके लाडके, तितकी स्थळे कमी. दूरदृष्टीच्या पालकांनी या कसोटीवर सारी नावे घासून पाहावीत. पुरेपूर उतरते ते एकच. महेर-शालाल-हाश-बाझ नावाचा सासरा कुठल्याही गावात आडवा येणार नाही. फक्त जन्मदाखल्याच्या रकान्यात ते मावते का, एवढे आधी विचारून घ्यावे.