फ फणसाचा

सांगलीत तीस वर्षं पाचवी ते दहावीला इंग्रजी शिकवलेली बाई मी. त्यामुळे मेलबर्नला मुलाकडे राहायला आल्यावर, डँडेनाँगच्या वाचनालयात नवागतांशी इंग्रजी बोलायला माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाची काळजी मिटली असंच मला वाटलं.

इथं स्थलांतरितांसाठी सरकारी इंग्रजी वर्ग १९४८ पासून आहेत. पूर्वी माणशी ५१० तास मिळायचे. २०२१ मध्ये ती मर्यादा काढली. शहाणपणा केला. आमच्या शाळेत एवढ्या तासांत 'ए'च्या जागी 'अॅन' कधी येतो, इतपतच मजल जायची. वाचनालयात मात्र वही नाही, परीक्षा नाही, नुसतं बोलायचं.

माझ्या टेबलाशी चौघं. व्हिएतनामी आजी माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, तरी मला 'को' म्हणायच्या. त्यांच्याकडे को म्हणजे आत्या आणि शिक्षिकाही. आपल्या 'बाई'सारखंच, म्हणून मी लगेच ओ दिली. ब्राझीलच्या मुलीला चावी, बटाटा, पगार हे आमचे शब्द ऐकवले, तर ती उडालीच, पोर्तुगीजांचं देणं. फक्त त्यांच्याकडे 'पगार' म्हणजे पैसे देणं, आमच्याकडे घेणं. (या वर्गात दोन्ही नव्हतं.) तिसरे अफगाण आजोबा. आणि चौथा सुदानचा टॅक्सीवाला.

टॅक्सीवाल्याची मातृभाषा अरबी. अरबीत 'प' नाही. पहिल्याच दिवशी त्यानं अभिमानानं सांगितलं, "टीचर, एव्हरी मॉर्निंग आय बार्क निअर द हॉस्बिटल." रोज सकाळी दवाखान्याजवळ टॅक्सी लावणारा सज्जन माणूस, पण ऐकणाऱ्याला वाटावं भुंकतोय.

मी म्हटलं, हे आपलं काम. एका पुस्तकात युक्ती वाचली होती : तोंडासमोर पातळ कागद धरायचा आणि 'पार्क' म्हणायचं. 'प' बरोबर आला की कागद फडफडतो, 'ब' आला तर जागचा हलत नाही. मी पर्समधला टिश्यू काढला, नाकासमोर धरला, चौघांकडे एकवार पाहिलं आणि खणखणीत म्हणाले, "पार्क!"

टिश्यू ढिम्म.

"पार्क! पेन! पोटॅटो!" अख्खी बाराखडी ओतली. टिश्यू श्राद्धाच्या पानासारखा गप्प. अफगाण आजोबांनी उठून पंखा बंद आहे का ते पाहिलं. टॅक्सीवाला दबक्या आवाजात म्हणाला, "टीचर ऑल्सो बार्क?"

घरी येऊन आरशासमोर बसले, तेव्हा उलगडा झाला. इंग्रजांच्या शब्दारंभीच्या 'प'मध्ये हवेचा झोत असतो. आपला 'प' बिनवाऱ्याचा. तो झोत आपण 'फ'साठी राखून ठेवलाय. "फणस!" म्हटलं, तर टिश्यू थेट देव्हाऱ्यापर्यंत गेला. (फणस जुन्या वळणाचा हवा, ओठ मिटून म्हटलेला. हल्लीच्या पोरांचा दातांतून निसटणारा 'फ' इथं कामाचा नाही.)

मग आठवली ती बेकरी. इथं आल्या आल्या मी काउंटरवर "पाय, प्लीज" म्हटलं होतं. शाकाहारी बाईनं पाय मागावा हेच आधी विचित्र, त्यात त्या पोरानं हसून हात हलवला, "बाय बाय!" मी त्याला उद्धट समजून महिनाभर रस्ता बदलला. त्या बिचाऱ्यानं तर निरोपाला निरोप दिला होता!

पुढच्या आठवड्यात मी आणि टॅक्सीवाला समोरासमोर टिश्यू धरून बसलो. मी त्याला 'फार्क' म्हणायला सांगितलं, कारण मलाही तसंच जमत होतं. तिसऱ्या प्रयत्नात त्याचा कागद उडाला. माझा पाचव्या.

सत्राच्या शेवटी चहा ठेवला. अफगाण आजोबांनी थॉमस स्ट्रीटवरचा गरम नान आणला होता. थर्मास उघडत म्हणाले, "टीचर, टी-मी?" मी चमकलेच. त्यांच्या दरी भाषेत चाय-माय म्हणतात, आपल्या चहाबिहासारखं. आजोबांनी ते शेपूट सरळ इंग्रजीला लावलं होतं. तीस वर्षं मुलांच्या वह्यांत असल्या शेपटांवर मी लाल रेघा ओढल्या. पण समोर गरम नान, हातात कप. तोंडातून गेलंच, "येस, येस, कम! टी-बी फॉर एव्हरीबडी!"

पलीकडच्या टेबलावरच्या ऑस्ट्रेलियन बाईंनी आपला कप उचलला आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.