उनाड उमरावांच्या मावशी

या मावशी बहुधा बँकेतून निवृत्त झालेल्या असतात, त्यातही कर्जविभागातून. भाचीला स्थळ आलं की मुलाच्या पगारापासून फ्लॅटच्या हप्त्यांपर्यंत सगळं उकरून काढतात. मुलगा शनिवारी मित्रांबरोबर ‘बसतो’ एवढं नुसतं कानावर आलं, तरी स्थळ बाद. मात्र रात्री ओटा पुसून चष्मा चढवला, की मावशींचा मुक्काम कादंबरीतल्या, वॉटर्लूच्या लढाईनंतरच्या इंग्लंडात. तिथे त्यांना दौलत उधळलेला, दुसऱ्याची बायको घेऊन पळालेला लॉर्डसुद्धा चालतो.

दैवत एकच, कादंबरीकार जॉर्जेट हेयर. ‘ब्रिजर्टन’ मालिका बघून सोसायटीतल्या पोरी ड्यूक-ड्यूक करायला लागल्या, याचा मावशींना मनस्वी राग. त्यांची लाडकी हेयरची ‘व्हेनिशिया’ १९५८ची आहे आणि जवळजवळ तोंडपाठ आहे. बदनाम लॉर्ड डॅमरेल आपल्या आवारात ब्लॅकबेरी तोडणाऱ्या व्हेनिशियाला, ओळख ना पाळख, धरून चुंबन घेतो. आमच्या सोसायटीच्या बागेत हे घडलं असतं, तर मावशींनी वॉचमनसकट कमिटी गोळा केली असती. इथे त्या नुसतं पान उलटतात. “अगं, ती घाबरते थोडीच! चांगली सुनावते त्याला.”

खरं तर या उनाडांचा बहुतेक उनाडपणा पहिल्या पानाच्या आधीच उरकलेला असतो; पुस्तकात ते बिचारे तसे सरळच वागतात. मावशींना हे मान्य नाही. नायिका घर सांभाळते, भावंडं वाढवते, जमाखर्च बघते, म्हणून तो वठणीवर येतो, असं त्यांचं ठाम मत.

अल्मॅक्सबद्दल मात्र त्यांचा भ्रमनिरास झालाय. लंडनच्या या बुधवारच्या नाचात शिरायला सरदारबायकांची मर्जी लागे, आणि आत खायला काय, तर पातळ पाव-लोणी आणि लिंबू सरबत! “एवढा तोरा, आणि हळदीकुंकवाच्या वाटल्या डाळीचीही सर नाही.”

हे सगळं काका समोरच्या खुर्चीत क्रिकेट बघत ऐकतात. आठला जेवण, दहाला झोप, आयुष्यात तीन पत्तीसुद्धा खेळलेले नाहीत. एकदा मात्र त्यांनी विचारलं, “त्या डॅमरेलमध्ये आहे तरी काय एवढं?”

मावशींनी पुस्तकात बोट घातलं, जरा विचार केला. “अहो, तो तिचं बोलणं ऐकतो. दोघं एकाच गोष्टीला हसतात.”

काकांची नजर टीव्हीवर. “काय म्हणालीस?”