आकडेवाले अण्णा

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत कुणाचं पोर शेवटच्या वर्षाला गेलं की घरचे आधी मोरया गोसावीला आणि मग अण्णांकडे पाठवतात. गणपतीला नारळ चालतो. अण्णांना रेझ्युमेची छापील प्रत लागते, तीही पाठकोरी, कारण शेरे मागच्या बाजूपर्यंत जातात.

अण्णा भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला चिकटले आणि पर्सोनेल मॅनेजर होऊन निवृत्त झाले. ‘एचआर’ हा त्यांच्या मते नंतर आलेला साथीचा आजार. सगळी हयात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेल्यामुळे अर्ज वाचणाऱ्याच्या कपाळाला कुठल्या ओळीवर आठी पडते, हे त्यांना पाठ आहे. त्यांना स्वतःला मात्र १९८१ साली मामाच्या चिठ्ठीवर नोकरी लागली. मुलाखतीत प्रश्न एकच होता, “मामा बरे आहेत ना?” हे ते अजिबात लपवत नाहीत. उलट, “चिठ्ठी चारच ओळींची होती, म्हणून साहेबांनी पुरती वाचली,” असं म्हणून त्यातूनही पोरांना धडा देतात.

परवा तिसऱ्या मजल्यावरचा संतोष आला होता. मेकॅनिकलचा डिप्लोमा, चाकणला एका पार्ट्सच्या कंपनीत वर्षभराची अप्रेंटिसशिप. फाइलचं नाव ‘न्यू रेझ्युमे फायनल टू करेक्टेड’. ईमेलच्या पत्त्यात ‘डॅशिंग’ हा शब्द. अण्णांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि पहिलीच ओळ मोठ्यानं वाचली, “टू ऑब्टेन अ चॅलेंजिंग पोझिशन इन अ रेप्युटेड ऑर्गनायझेशन.”

“हे मी टाइपरायटरवर केलेलं वाचलंय, सायक्लोस्टाइल केलेलंही वाचलंय. नामांकित कंपनीच हवी म्हणतोस, मग आमच्याकडे कशाला आलास, असं मी विचारलं असतं.” ओळ गेली. मागोमाग वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व गेलं. ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र तर त्यांनी दोन रेघा मारून खोडलं. “शपथ घ्यायला लागतेय म्हणजे वाचणाऱ्याला शंका यायलाच हवी.”

कौशल्यांपुढे तारे होते. एक्सेलला पाचपैकी चार. “पाचवा कुठं पडला?” अण्णांनी विचारलं. संतोषला उत्तर सुचलं नाही. कॅनव्हावर तारे आयते मिळतात, म्हणून लावले होते.

मग अण्णा कामावर आले. तिथं लिहिलं होतं, ‘गुणवत्ता तपासणीची जबाबदारी सांभाळली.’

“काय तपासायचास?”

“बोअर. बोअर गेजनं.”

“किती?”

“शिफ्टला चारशे नग असतील.”

“रिजेक्शन?”

“मी गेलो तेव्हा शंभरात तीन-चार नग जायचे. नंतर एखादाच.”

“देवानं केलं का ते?”

संतोष ओशाळला. मशीनमधलं धातू कापणारं इन्सर्ट झिजत गेलं की बोअरचं, म्हणजे भोकाचं, माप सरकतं, हे त्याच्या नोंदींतून त्याच्या लक्षात आलं होतं. नग बाद व्हायची वाट न बघता दर दीडशे नगांनी इन्सर्ट बदलायचं, असं त्यानं ऑपरेटरशी बोलून ठरवलं, सुपरवायझरकडून मान्य करून घेतलं आणि मशीनवर पाटी लावली. एवढं सगळं करून गडी कागदावर लिहितो, ‘जबाबदारी सांभाळली’! अण्णांनी हीच हकिगत दोन ओळींत बसवली आणि पानाच्या वरच्या अर्ध्यात नेली. शेवटच्या छंदांच्या ओळीत ‘क्रिकेट’ होतं. उलटतपासणीत निघालं की हा गृहस्थ दरवर्षी टेनिस बॉलची स्पर्धा भरवतो. सोळा संघ, तीन दिवस, वर्गणीपासून पंचांच्या चहापर्यंत सगळा हिशेब याच्याकडे. “अरे, हा छंद आहे का? हे मॅनेजमेंट आहे! छंद ठेव, पण सोळा लिही.”

इथं अण्णा हमखास लिओनार्दो दा विंचीवर येतात. साधारण १४८२ च्या सुमारास त्यानं मिलानची सत्ता सांभाळणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला कामासाठी पत्र लिहिलं. दहा मुद्दे, आणि बहुतेक सगळे पूल, तोफा, वेढे, चिलखती गाड्या असे. शांततेच्या काळात इमारती, पुतळे आणि चित्रंही जमतील, हे अगदी शेवटी. “समोरच्याला लढाईची काळजी होती, म्हणून लढाई आधी,” अण्णा सांगतात. “आणि फोटो लावला नव्हता बरं का. तो तर हातानं काढू शकला असता.”

काळाबरोबर अण्णाही बदललेत. आता माणसाआधी मशीन अर्ज वाचतं, हे भाच्यानं सांगितल्यापासून ते दोन रकान्यांचे आणि चौकटींचे रेझ्युमे बघवत नाहीत म्हणतात. मशीन डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून काहीही वाचतं. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून भरलेल्या एका पोराला त्यांनी सगळा मजकूर सिलेक्ट करून त्याची चोरी निळ्या पट्ट्यात दाखवली. नोकरीच्या साइटवर रोज एक पूर्णविराम काढून दुसऱ्या दिवशी परत घालणाऱ्यांची मात्र त्यांना गंमत वाटते. नाव वर यावं म्हणून हा खटाटोप. “निदान विरामचिन्हांचा सराव होतो.”

‘द लॅडर्स’ या अमेरिकन साइटनं २०१८ मध्ये काढलेला आकडा त्यांनी कुठंतरी वाचलाय : भरती करणारा पहिल्या नजरेत रेझ्युमेला सरासरी ७.४ सेकंद देतो. सात सेकंद अण्णांना मान्य आहेत. वरच्या पॉइंट चारमध्ये काय बघतात, यावर ते म्हणतात, “घरचा पत्ता. रोज यायला जमेल का, ते.”

अवघड आहे ते पुढचं. ही सवय रेझ्युमेपुरती राहिली नाही. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ‘मनमिळाऊ, परोपकारी’ वाचून ते म्हणाले, “एखादं उदाहरण द्यायला काय झालं होतं?” मंडळाच्या अहवालातलं ‘भव्य’ खोडल्यावर तिथं फुटांत उंची आली आणि कार्यकर्त्यांचे चेहरे पडले. पुतणीच्या स्थळाच्या बायोडेटातून त्यांनी ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ काढून ‘तीन वर्षांत दोन बढत्या, शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडलं’ असं घातलं. दोन स्थळांनी कळवतो म्हणून कळवलं नाही. तिसऱ्या मुलाच्या आईनं फोन करून नोटीस पीरियड विचारला. मला विचाराल तर बायोडेटा उत्तम होता. अण्णांच्या सौ., म्हणजे आमच्या काकू, अजून बोलत नाहीत त्या विषयावर.

संतोषला बोलावणं आलं. मुलाखतीत पाच मिनिटं बोअर गेज आणि पाऊण तास सोळा संघ. निवडणाऱ्या साहेबांच्या प्लांटची स्पर्धा दरवर्षी पंचांवरून बोंबलते म्हणे. पेढे घेऊन आला तेव्हा त्याच्याबरोबर एक पन्नाशीचे गृहस्थ होते. चाकणच्या कंपनीतले त्याचे सुपरवायझर. ती शाखा बंद होतेय. त्यांच्या हातात रेझ्युमे नव्हताच, नुसता घडी घातलेला कोरा कागद.

“सव्वीस वर्षांत काय काय केलंत?” अण्णांनी विचारलं.

“काय करणार साहेब. नोकरी केली.”

अण्णांनी पेन काढलं, पण लालऐवजी निळं. “बसा. पहिल्या दिवशी कुठल्या मशीनवर होतात?” आणि आत वळून हाक दिली, “अगं, दोन पानं जास्त घे. आज वेळ लागणारे.”

“किती?” आतून काकूंचा आवाज आला. “आकड्यात सांगा.”