आजीच्या हातची, पण खरीखुरी

हायवेला लागलं की थोड्या थोड्या अंतराने एक आजी भेटते. नऊवारी, ठसठशीत कुंकू, पुढ्यात चूल आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आजीच्या हातची चव'. आत गेलं की गेरूच्या भिंती, छताला कंदील आणि गल्ल्यावर क्यूआर कोड. महाराष्ट्रातली झाडून सगळी आजी मंडळी सुगरण होती, हे आता ठरूनच गेलंय. कोणी विरोध करत नाही, कारण विरोध करणाऱ्याला जेवायला बोलवत नाहीत. तरी सांगतो. आमची आजी वाईट स्वयंपाक करायची. आजोबा त्याहून वाईट. आणि रविवारी संध्याकाळी दोघं मिळून पिठलं करायचे.

पिठलं बिघडवायला खरं तर जागाच नसते. फोडणी, पाणी, मीठ, तिखट, बेसन, झालं. अवेळी पाहुणा आला नि घरात भाजी नसली की मराठी माणूस डोळे मिटून बेसनाचा डबा उघडतो. 1995 साली युती सरकारला गरिबांना स्वस्तात जेवू घालायचं होतं, तेव्हाही 1 रुपयात झुणका-भाकरच द्यायचं ठरलं. हे कोणालाही जमतं, असा सरकारचा समज असावा. सरकारने आमच्याकडे चौकशी केली नव्हती.

आजोबा कचेरीतून निवृत्त झालेले. लेखी आधाराशिवाय ते पाणीसुद्धा उकळू देत नसत. घरात कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' होतं. 1970 साली आलेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापात कित्येक नवख्या सुनांना तारलं. आजोबा मात्र पहिल्याच ओळीला अडले. वाटी म्हणजे कोणती वाटी? आमच्या फडताळात आमटीची होती, तुपाची होती, शिकरणाची होती, आणि एक नुसतीच होती. बराच खल होऊन बेसनाला आमटीची आणि पाण्याला तुपाची वाटी मंजूर झाली.

"अहो, पाणी कमी पडतंय."

"पुस्तकात आहे तेवढंच घातलंय."

"मग पुस्तकालाच वाढा."

पुढचं सगळं दुरुस्तीत जायचं. घट्ट झालं म्हणून आजी पाणी ओतायची. पातळ झालं म्हणून आजोबा वरून कोरडं बेसन भुरभुरवायचे, तेही ढवळायचं सोडून पुस्तकात बघत. मीठ दोघंही घालायचे. दुसऱ्याने घातलं असेल यावर दोघांचाही विश्वास नव्हता. संसार पन्नास वर्षांचा असला म्हणून काय झालं! खारट लागलं की पुन्हा पाणी, पुन्हा बेसन. पिठलं कढईतून पातेल्यात आणि पातेल्यातून मोठ्या पातेल्यात बढती घेत जायचं.

ताटात जे पडायचं त्यात आवळ्याएवढ्या गुठळ्या असत. एक फोडली की बाहेरून पिवळीधमक आणि आत पांढुरकं, कोरडं पीठ, डब्यातून आत्ताच काढल्यासारखं. ते टाळूला चिकटायचं आणि बोलणं बंद व्हायचं. मुलं मुकाट जेवतात याचं आजोबांना फार कौतुक. जोडीला भात असायचा. तळाशी करपलेला, वर कच्चा, मधला थर बरा. तो मधला थर आजोबांच्या ताटात जायचा.

आता या सगळ्याला हॉटेलात भाव आलाय. करपलं की म्हणे 'स्मोकी'. मिसळसुद्धा चुलीवरची हवी. चुलीपुढे ज्यांचे डोळे चुरचुरले त्या बायकांनी घरात गॅस आला त्याच दिवशी चूल परसात हाकलली, आणि नातवंडं तिथेच खुर्च्या टाकून बिल भरतायत. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. तिच्याही भाकऱ्या आज्यांनीच थापल्या. त्या घशाखाली उतरत नसत, हे त्या वेळी जेवलेला कोणीही सांगेल. ती भाकरी मात्र एकाही 'अस्सल गावरान' थाळीत दिसत नाही. अस्सलपणालाही चवीची अट आहे तर!

तेव्हा वाचकहो, तुमच्याही आजीचं पिठलं बिघडत असेल तर चारचौघांत निःसंकोच सांगा. आणि आजी-आजोबा दोघंही स्वयंपाकघरात असतील, तर पानावर बसण्याआधी मीठ कोणी घातलं तेवढं विचारून घ्या.