बसून, उभ्यानं, लटकत

जून लागला की बदलापुरात दोन गोष्टींचा हंगाम असतो, जांभळांचा आणि अंदाजांचा. जांभळांना जीआय मानांकन मिळालं. अंदाजांना अजून मिळायचंय, पण कधी मिळवायचं ठरलंच तर त्याचा अर्ज भरायलाही कटऑफकाकाच लागतील.

कटऑफकाका कुणा एका बिल्डिंगचे नसतात. कात्रपला एक असतात, बेलवलीला एक, मांजर्लीला एक. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वय साठीच्या पुढे, शिक्षण बीकॉम, नोकरी दादरला झाली, म्हणजे निम्मी नोकरी सेंट्रल रेल्वेत झाली. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नातवाने पासवर्ड बदलला की ओरडण्यापुरता. पण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला कोण कुठे लागेल, हा प्रश्न निघाला की काकांच्या अंगात येतं.

त्यांना भेटल्यावर ‘कसा आहेस?’ वगैरे नसतं. ‘किती?’ असतं. मुलगा म्हणतो, ‘शहाण्णव.’ काका डोळे बारीक करून विचारतात, ‘पर्सेंट की पर्सेंटाइल?’ यात चूक झालेली त्यांना खपत नाही. ‘पर्सेंटाइल’ ऐकलं की पुढचा प्रश्न, ‘शहाण्णव पूर्णांक किती?’ सीईटीच्या स्कोअरकार्डावर दशांशचिन्हानंतर सात आकडे असतात. मुलाच्या आईला पहिले दोन पाठ असतात, वडिलांना एकही नसतो. काकांना मात्र सातही लागतात. ‘वहिनी, आकडे घरी ठेवून बाहेर पडत जाऊ नका,’ असं ते कळकळीने सांगतात.

मग हिशेब सुरू होतो आणि तो ऐकण्यासारखा असतो. ‘हे बघ राजा, २०२५ ला पीसीएमला चार लाखांच्या वर पोरं बसली. नव्व्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे काय? शंभरातली नव्व्याण्णव तुझ्या मागे. छान. पण पुढचा एक टक्का म्हणजे चार हजार! म्हणजे सकाळची बदलापूर लोकल खच्चून भरून तुझ्या आधी निघून गेली. आता व्हीजेटीआयच्या कॉम्प्युटरला ओपनमधून जायचं तर त्या गाडीत पहिल्या एखाद्या डब्यात तू पाहिजेस.’ मुलाचा चेहरा पडतो. काकांना ते दिसतं आणि ते लगेच पाठीवर हात ठेवून म्हणतात, ‘गाड्या पुष्कळ आहेत रे.’

काकांचं सगळं शास्त्र गाडीवर उभं आहे. त्यांच्या वहीत प्रत्येक मुलासाठी तीन रकाने असतात. पहिला ‘बसून’, दुसरा ‘उभ्यानं’, तिसरा ‘लटकत’. गेल्या वर्षीचं क्लोजिंग मुलाच्या स्कोअरच्या आरामात खाली असेल, तर ते कॉलेज ‘बसून’. आसपास घुटमळत असेल तर ‘उभ्यानं’. वर असेल, पण आई रात्री झोपत नसेल, तर ‘लटकत’. ‘माटुंग्याचं व्हीजेटीआय, १८८७ चं कॉलेज. तिथे लटकत,’ असं म्हणत ते नाव लिहितात आणि पेनाची टोपी लावतात. पुण्याचं सीओईपी त्याहून जुनं, १८५४ चं. तेही लटकत, वर खोपोलीचा घाट. आयआयटीचा विषय ते काढत नाहीत. कुणी काढलाच तर एवढंच म्हणतात, ‘पवईच्या कॉम्प्युटर सायन्सला ओपनचा शेवटचा रँक सत्तरच्या आत थांबतो. अख्ख्या देशातले सत्तर! ती माणसं आपल्या गाडीतली नाहीत, त्यांना स्टेशनवर मोटार घ्यायला येते.’

वही झाली की ग्रंथ निघतो. सीईटी सेलची कटऑफची पीडीएफ त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून छापून, स्पायरल बाइंडिंग करून घेतलीय. एक वर्षाची नाही, प्रत्येक वर्षाची. कपाटात काकूंच्या साड्या जिथे असायला हव्यात तिथे हे खंड आहेत. आत पिवळा, हिरवा, गुलाबी असे हायलायटर. गुलाबी मुलींच्या जागांना, म्हणजे ‘एल’ने सुरू होणाऱ्या कोडना. मुलगी आली की काका खुलतात, ‘मग आपण लेडीज डब्यात बघू.’ तीस टक्के जागा. टीएफडब्ल्यूएस विचारलं की मात्र मान हलवतात, ‘फी माफ असते ना, म्हणून तिथे कटऑफ वर जातो. फुकट गाडीला गर्दी जास्त.’ कॉलेजची नावं ते घेत नाहीत, कोड बोलतात. ‘३०१२ पहिलं टाक’ म्हणजे व्हीजेटीआय. ‘६२७१ पाहिजे तर धनकवडीला खोली बघावी लागेल’ म्हणजे पीआयसीटी. एकदा भाजीवाल्याने त्यांना एकशे ऐंशी रुपये झाले म्हणून सांगितलं, तर म्हणाले, ‘हे कुठलं?’

त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे, ‘तसं सांगता येत नाही, पण सांगतो.’ पहिल्या अर्ध्यात नम्रता आणि दुसऱ्या अर्ध्यात निकाल. हे वाक्य म्हणताना ते चष्मा कपाळावर घेतात. चष्मा खाली आला की समजायचं, आकडा आला.

वर्षं त्यांना अशीच आठवतात. २०१९ साल म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली ते नव्हे. ते सीईटीचा निकाल पहिल्यांदा पर्सेंटाइलमध्ये आला ते साल. ‘आमच्या हातात तोवर दोनशेपैकी मार्क असायचे, माणूस म्हणून काही कळायचं,’ हे त्यांचं त्या सालाबद्दलचं दुःख. पूर सगळे विसरलेत, हे ते विसरलेले नाहीत. २०२० ला परीक्षाच ऑक्टोबरात गेली आणि प्रवेश पुढच्या जानेवारीपर्यंत रखडले. तो हिवाळा काकांनी बाल्कनीत घालवला, येणाऱ्याजाणाऱ्याला मास्कमधून कटऑफ सांगत. त्याआधीचा, बारावीच्या पीसीएमवर प्रवेश मिळायचे तो काळ त्यांच्या लेखी सत्ययुग आहे. १९८३ ला विनाअनुदानित कॉलेजं निघाली तेव्हा डोनेशनचे आकडे कसे कुजबुजत सांगत, तेही ते सांगतात, आणि सांगताना अजूनही कुजबुजतात.

काकूंचा या सगळ्यावर विश्वास नाही. त्या चहा ठेवतात, कारण दिवसाला चार कुटुंबं येतात. पण चहाबरोबर टोमणाही ठेवतात. ‘आमच्या चिरंजीवांना यांनी सांगितलं होतं, कॉम्प्युटर बसून. लागला कर्जतला मेकॅनिकलला. आता ऐरोलीत दिवसभर कोडच लिहितो.’ काका शांतपणे म्हणतात, ‘तो आउटलायर.’ हा शब्द त्यांनी त्याच मुलाकडून उचललाय.

चुकतात. भरपूर चुकतात. मांजर्लीच्या एका मुलाला त्यांनी चेंबूरच्या कॉलेजात आयटी ‘बसून’ दिली होती. पहिल्या फेरीत नाव नाही, दुसरीतही नाही. ते पंधरा दिवस काका स्टेशनला नेहमीच्या पुलावरून गेले नाहीत, लांबच्या पुलावरून गेले, कारण नेहमीच्या पुलाखाली त्या मुलाच्या बापाचं दुकान. तिसऱ्या फेरीत नाव आलं. त्या संध्याकाळी काका दुकानात हजर. ‘म्हटलं नव्हतं? जागा मिळाली की नाही? आता कल्याणला मिळाली काय नि ठाण्याला मिळाली काय!’ बापाने पेढा दिला. बापांचा राग तसाही फेरीपुरता असतो.

पण एका बाबतीत काका चुकत नाहीत, आणि मला वाटतं, क्लासवाल्यांच्या तीन-तीन हजारांच्या ‘काउन्सेलिंग’मधून जे मिळत नाही ते इथे बिस्किटांसकट मिळतं. ऑप्शन फॉर्म. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात आणि लोक घाबरून भरतात. ‘व्हीजेटीआय पहिलं टाकलं तर खालचं हातचं जाईल का?’ ही प्रत्येक आईची शंका. काका इथे टेबलावर हात आपटतात. ‘नाही जात! मशीन तुझा नंबर बघतं आणि वरून खाली यादी वाचतं. वरचं नाही मिळालं तर खालचं. मनात आहे ते वर लिहा, मिळेल वाटतं ते नव्हे.’ मग आवाज खाली येतो, कारण २०२५ पासून चार फेऱ्या आल्या आणि नियमाला काटा आला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं मिळालं तर घ्यावंच लागतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतलं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं. ‘म्हणून पहिल्या सहात पाहुणा नको. चढलास की दार बंद.’ हे ते मुलाकडे न बघता बापाकडे बघून बोलतात, कारण पहिल्या सहात पाहुणे घालतो तो बाप. शेजारच्याचा मुलगा तिथे आहे म्हणून, मेहुण्याने सांगितलं म्हणून, नावात ‘एआय’ आहे म्हणून.

‘एआय’ हे काकांचं अलीकडचं दुखणं. पूर्वी कॉम्प्युटर आणि आयटी एवढ्यावर काम भागायचं. आता एआय-डीएस, एआय-एमएल, आयओटी, सायबर सिक्युरिटी, आणि या सगळ्यांच्या एकमेकांत मिसळलेल्या पाच-सात जाती. ‘शिकवणारे तेच मास्तर, पाटी नवीन,’ असं म्हणून ते सोडून देतात, पण पिवळा हायलायटर त्यांनाही लावून ठेवतात.

कागदपत्रांची तपासणी हा वेगळाच सोहळा. डोमिसाइल आहे? नॉन-क्रिमीलेयर कुठल्या मार्चपर्यंत वैध आहे? व्हॅलिडिटी आली की पावतीच आहे? अंबरनाथच्या तहसील कार्यालयात कुठल्या वारी गर्दी कमी असते, हे काकांना पाठ आहे. एका वर्षी एका मुलीचा दाखला मिळायचा होता आणि आईवडील दोघं कामावर, तर काका स्वतः तिला घेऊन अंबरनाथला गेले, रांगेत उभे राहिले, आणि रांगेतल्या बाकी सात जणांना फुकटात रकाने पाडून दिले. रांग संपली तेव्हा माणसं काकांभोवती होती, खिडकीपाशी कुणी नव्हतं. त्या दिवसापासून अंबरनाथचे कटऑफकाका आमच्या काकांशी जरा तुटक वागतात. एका लग्नात दोघं समोरासमोर आले. पंगतीत एसपीआयटी वर की डीजे वर यावरून सुरू झालं, ते आइस्क्रीम वितळलं तरी थांबलं नाही. उल्हासनगरहून आलेले एक व्यापारी पाहुणे बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘साहेब, हे शेअर कुठल्या ब्रोकरकडे मिळतात?’

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. ज्यांना चांगले मार्क पडलेत त्यांनाच काका ‘किती?’ विचारतात. निकालाच्या दिवशी ज्याच्या घरातून आवाज येत नाही, तिथे ते वहीशिवाय जातात. खालच्या मजल्यावरचा मुलगा पन्नाशीच्या घरात अडकला होता. काका त्याच्याकडे जांभळांचा द्रोण घेऊन गेले, मीठ लावून. तासभर वर्ल्डकपवर बोलले. उठताना म्हणाले, ‘आमच्या ऑफिसातला एक जण अंबरनाथला राहायचा. जागा मिळत नाही म्हणून रोज आधी उलटं बदलापूरला यायचा, मग गाडीत बसून दादरला जायचा. लोक हसायचे. पण तो बसून जायचा आणि हसणारे उभे. तू डिप्लोमाचा विचार कर. तीन वर्षांनी थेट दुसऱ्या वर्षाला.’ मुलगा काही बोलला नाही. बी जिभेने घोळवत बसला. डिप्लोमा त्याने केला. पुढचं त्याचं तो बघतोय.

अलॉटमेंटच्या रात्री काकांकडचा दिवा विझत नाही. बाहेर मुसळधार पाऊस, वीज गेलेली, साइट गोल गोल फिरते, पण काकांच्या इन्व्हर्टरवर बिल्डिंगचे सहा मोबाइल चार्जिंगला. पहाटे कुणाचं तरी दार वाजतं, कुणीतरी ओरडतं, आणि काका आतूनच विचारतात, ‘कितव्या पसंतीचं?’

परवा लिफ्टमध्ये त्यांनी आमच्या मुलीला गाठलं. ती आठवीत आहे. ‘गणित कसंय?’ ती म्हणाली, ‘मला चित्रं काढायला आवडतात.’ मी श्वास रोखला. दोन मजले काका काही बोलले नाहीत. मग चष्मा कपाळावर गेला.

‘जे. जे.ची परीक्षा वेगळी असते. तसं सांगता येत नाही...’ लिफ्ट थांबली, दार उघडलं. ‘...पण इंटरमिजिएटला ग्रेड काढून ठेव. आणि सीएसएमटीला शेवटी उतरायचं असतं, जागा दारात धरू नकोस, खिडकीला धर.’