चिमणीनाना

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. हॉटेलच्या मागच्या बोळात एक बंद व्हॅन उभी होती आणि तिच्या टपातून काळा धूर निघत होता. वॉचमननं शिट्टी फुंकली, दोन वेटर बादल्या घेऊन धावले, कोणीतरी ओरडलं, "बंब बोलवा, बंब!" तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं. आतून खोकत खोकत एक गृहस्थ खाली उतरले, डोळे पुसले आणि म्हणाले, "बंबच आहे. काय पाहिजे?"

हे आमचे नाना. भोसरीत सगळे चिमणीनाना म्हणतात. त्यात पाखराचा काही संबंध नाही.

नानांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. गाडीत जे यंत्र होतं तो खरोखर एक बंबच. आपल्या आजीच्या तांब्याच्या बंबात मधे धुराडं आणि भोवती पाणी. या यंत्रात मधे डिझेलचा बर्नर आणि त्याच्याभोवती वेटोळं घातलेल्या नळीतून पाणी पळतं. शेजारच्या पेट्रोल इंजिनवर पंप चालतो, आणि ऐंशी अंशांचं पाणी दीडशे बार दाबानं बंदुकीतून सुटतं. हॉटेलच्या भटारखान्यातल्या शेगड्यांवरच्या हूडला धरलेला तेलाचा थर थंड पाण्याला भीक घालत नाही. डालड्याचा डबा थंड पाण्यानं विसळून बघा, म्हणजे नानांचा धंदा का चालतो ते कळेल.

नाना एका कंपनीत ३० वर्षं फिटर होते. स्वेच्छानिवृत्तीच्या पैशात यंत्र आलं आणि शाळेची मुलं नेणारी एक जुनी व्हॅन आली. पिवळ्या रंगावर पांढरा मारला, पण उन्हात उभी राहिली की दारावरचं 'सावकाश' अजून वाचता येतं. आता हे यंत्र मुळात उघड्यावर चालवायचं. नानांनी ते बंद गाडीत बसवलं, कारण "पावसात भिजायला नको." यंत्रानं की नानांनी, ते विचारायचं राहून गेलं.

नानांची जात तुम्हाला ठाऊक असेल. प्रत्येक आळीत एक असतोच. यांचा छापील कागदावर विश्वास नसतो. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक नानांनी पहिल्याच दिवशी ऑइलच्या डब्याखाली घातलं. त्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर, स्वतःच्या नाकावर आणि खेळत्या हवेवर. घरात कोणाला ताप आला, "खिडकी उघडा, हवा खेळू दे." जावयाची नोकरी गेली, तरी "थोडं बाहेर फिरून या." गाडीत धूर कोंडतो म्हटलं तर, "कोंडतो कसा? हवा खेळतीय की!" आणि नाक वर करून हुंगणार. वास नाही म्हणजे धूर नाही, खटला निकाली.

एकदा मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. मिनिटाला १२ लिटर पाणी ६० अंशांनी तापवायचं तर तासाला पाच-सहा लिटर डिझेल जळणार. एक किलो डिझेल जळायला साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे नुसता बर्नर तासाला पन्नास-साठ घनमीटर हवा पिणार, आणि गाडीच्या डब्यात यंत्र, टाकी आणि नाना वजा जाता हवा आठ घनमीटरसुद्धा नाही.

नानांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. "म्हणजे बर्नर हवा ओढतो. मग झालंच की! हवा खेळली."

तरी डोळे चुरचुरायला लागल्यावर नानांनी चिमणी बसवायचं मनावर घेतलं, आणि आमच्या आळीला सहा महिन्यांची करमणूक मिळाली.

पहिला पाइप गीझरचा. त्यानं दुसऱ्या दिवशी रंग बदलला, चौथ्या दिवशी आकार. टपातून जिथे तो बाहेर काढला होता तिथलं रबर वितळून तारेसारखं लोंबायला लागलं. बर्नरचा धूर दोनशे अंशांच्या पुढचा असतो, हे नानांना बोट भाजल्यावर पटलं. दुसरा पाइप जाड पत्र्याचा. तो सरळ वर गेला असता, पण टपाचा आडवा बार मधे येत होता, म्हणून नानांनी त्याला तीन एल्बो दिले. नानांच्या मते जितके एल्बो तितकी कारागिरी. पाइप नागासारखा वळणं घेत टपापर्यंत गेला. प्रत्येक वळणावर धूर अडला, मागे सरला, ज्योत पिवळी पडली आणि कॉइलवर बोटभर काजळी बसली. वर नानांनी तो यंत्राच्या तोंडावर क्लॅम्प मारून घट्ट आवळला होता. खरं तर तिथे दोन बोटं फट सोडायची असते, म्हणजे वाऱ्याचा झोत पाइपातून उलटा आला तर ज्योतीच्या तोंडात न जाता त्या फटीतून बाजूला निघून जातो. नानांना फट बघवत नाही. कंपनीतली ३० वर्षं फटी बंद करण्यातच गेली होती.

ज्या दिवशी वॉचमननं शिट्टी फुंकली तो याच पाइपाचा दिवस.

मग क्लॅम्प निघाला, फट आली. फटीतून थोडा वास यायला लागला. यावर नानांनी काढलेला उपाय मी आजन्म विसरणार नाही. त्यांनी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन काढून आणला (वहिनी त्या दिवशी माहेरी होत्या), गाडीच्या मागच्या पत्र्याला गोल भोक पाडलं आणि फॅन बाहेरच्या दिशेनं लावला. पाऊस होता, म्हणून दारं-खिडक्या बंद. फॅन सुरू केला, बर्नर पेटवला. फॅन बिचारा इमानदार. आतली हवा बाहेर फेकत राहिला. आत हवेची तूट पडली, आणि नवी हवा यायला एकच रस्ता मोकळा होता, चिमणी. त्यामुळे टपावरून बाहेर जायचा धूर पाइपातून खाली उतरून त्या दोन बोटांच्या फटीतून घरी परत आला. धुराला सासरहून मुराळी पाठवून आणल्यासारखं. नाना बाहेर आले तेव्हा नुसते डोळे पांढरे दिसत होते.

"फॅन उलटा बसला," नाना म्हणाले.

फॅन सुलटा होता. हवा यायला वेगळी वाट ठेवल्याशिवाय जाणाऱ्या वाटेला अर्थ नाही, एवढंच. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवताना जुन्या बायका दार किलकिलं ठेवायच्या, ते दृष्ट लागावी म्हणून नव्हे.

चिमणीचा शेवट एका सोसायटीच्या स्वागत कमानीनं केला. टपावर दीड फूट पाइप आणि त्याच्यावर टोपी, हे नाना गाडी आत घालताना विसरले. कमानीवरचं 'सुस्वागतम्' मधलं 'सु' खाली आलं. भरपाई द्यावी लागली.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. नाना झुंजत होते बर्नरशी, कारण त्याचा धूर दिसतो, वास येतो, डोळे झोंबतात. शेजारचं पेट्रोल इंजिन मात्र सभ्य माणसासारखं फटफटत होतं. त्याचा सायलेन्सर नानांनी गाडीच्या तळाला भोक पाडून खाली सोडला होता आणि विषय संपवला होता. बोळात गाडी भिंतीला पाठ लावून उभी केली की तो धूर गाडीखालून निघून भिंतीवर चढायचा आणि मागच्या उघड्या दारातून आत यायचा. नीट लावलेल्या बर्नरपेक्षा असल्या छोट्या पेट्रोल इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड कितीतरी जास्त निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो. नानांचं नाक तिथे काय करणार?

नानांचं डोकं मात्र दुखायचं. रोज दुपारी चारला कपाळ ठणकायला लागायचं, संध्याकाळी मळमळायचं. रविवारी अजिबात नाही. नानांनी निदान केलं, चहा. कामाच्या ठिकाणी टपरीवर उकळून उकळून काळा केलेला चहा मिळतो, रविवारी घरचा मिळतो. पुरावा भक्कम होता.

पिंट्या, त्यांचा मुलगा, इंजिनीअर. त्यानं कार्बन मोनॉक्साइडचा एक अलार्म मागवला, हाताच्या पंजाएवढी डबी. नानांनी त्याचा कागद मात्र वाचला, आणि वाचून संतापले. हवेच्या दहा लाख भागांत तो वायू ५० भाग असेल तर ही डबी तास-दीड तासानं ओरडणार, १०० असेल तर १० ते ४० मिनिटांत, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. "तास-दीड तास ही काय करते? झोपा काढते?" विष साठत जातं आणि डबी साठ्याचा हिशेब ठेवते, हे पिंट्यानं सांगितलं. नाना म्हणाले, "मग मी पण ठेवतो." पहिल्याच आठवड्यात डबी कोकलली. नानांनी तिला हात पुसायच्या फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत टाकलं. तिथून ती आणखी अर्धा तास रडत होती.

शेवटी वहिनींनी सूत्रं हातात घेतली. धुराचा शब्दही काढला नाही. म्हणाल्या, "अहो, ऑइल बदलताना तुमची कंबर धरते. ते यंत्र कपाटाच्या खणासारखं बाहेर ओढता आलं तर?" नानांच्या डोळ्यांत वेल्डिंगची ठिणगी चमकली. दोन चॅनल, चार बेअरिंगं, एक कडी. शनिवारी काम पूर्ण झालं. आता गाडी उभी केली की सबंध यंत्र रुळावरून मागे बाहेर येतं, मोकळ्या आभाळाखाली चालतं, आणि नाना ३० मीटर नळी ओढत हूडपाशी जातात. टपावरचं भोक पत्र्यानं बुजवलंय. योगायोगानं त्याच शनिवारी नानांनी टपरीचा चहा सोडला.

डोकं दुखायचं थांबलं. आता नाना भेटेल त्याला चहाचे दुष्परिणाम सांगतात. परवा मलाही बोळातच गाठलं. मागे यंत्र उघड्यावर धडधडत होतं, धूर सरळ वर निघाला होता, आणि नाना माझ्या हातातल्या कपाकडे बोट दाखवून म्हणत होते, "साहेब, हे विष आहे. वास येत नाही, पण विष आहे."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पुढच्या सीटवर बसून बिलं लिहीत होत्या. डॅशबोर्डवरच्या गणपतीशेजारी ती डबी चिकटवलेली होती, हिरवा दिवा लुकलुकत होता.

"नानांना चालली का ही?" मी हळूच विचारलं.

"नंदादीप आहे म्हणून सांगितलंय," वहिनी म्हणाल्या, आणि पर्समधून नवे सेल काढून त्यांनी डबीत घातले.