कठड्यावरच्या गप्पा

(परळ, १९२९. रविवारची दुपार. चाळीच्या गॅलरीत शेजारशेजारच्या दोघी तांदूळ निवडतायत.)

"मावशी, ऐकलंत? खालच्या कोपऱ्यातली परवापासून गिरणीत कामावर जाते. पोर अजून महिन्याचं नाही!"

"जाते. बाळगोळी चाटवून जाते, तेही सांग की."

"अफूच ती! पोर दिवसभर ग्लानीत. ना रडतं, ना दूध मागतं. आई म्हणायची का हिला?"

"तिनं दहा तास वाइंडिंग खात्यात उभं राहायचं, पोरानं इथं भुकेनं टाहो फोडायचा. घरात राखायला कोण? तू बघशील?... बघ, तांदळात तोंड घातलंस."

"पण आता कायदा झालाय ना? रोज आठ आणे, बाळंतपणाआधी तीन आठवडे, नंतर चार."

"झालाय गं. कौन्सिलात आसवल्यांनी बिल आणलं, आंबेडकर त्यावर बोलले. पण एकाच गिरणीत नोकरीचे महिने भरलेले लागतात. ही गिरण्यांच्या संपानंतर नायकिणीला, म्हणजे बायकांवरच्या मुकादमणीला, चिरीमिरी देऊन लागली, तीही दुसरीकडं. तिला कोण देतंय?"

"निदान वाडियाच्या इस्पितळात जायचं. तीन वर्षं झाली उघडून."

"सासू सोडेल तर! सुईणच हवी. एवढीशी खोली, त्यात दोन बिऱ्हाडं, चुलीचा धूर, वर शेगडीचा शेक, खिडकी बंद. नाळ कशानं कापली ते विचारूच नको. तिचं मागचं पोर सहाव्या दिवशी ताठलं, जबडा उघडेना. सासू म्हणाली, सटवीनं नेलं."

"आमचे भाऊजी वाचून दाखवत होते, १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागं सहाशेवर पोरं वर्षाच्या आत गेली."

"त्यात एक मेख आहे. आपण बाळंतपणाला जातो गावी. जन्म लिहितात रत्नागिरीला. पोर घेऊन इथं आलो, की मरण लागतं मुंबईच्या खाती. आकडा फुगणारच."

"मग खोटंच की!"

"फुगलेला म्हटलं, खोटा नाही. या चाळीतच किती गेली, तू नवीन, तुला काय ठाऊक! बरं, तुझा कितवा महिना?"

"अगंबाई! चौथा लागला. अजून कुणाला बोलले नाही."

"नायकिणीच्या कानावर तर मुळीच घालू नको, उद्याच कमी करेल. नोकरीचे महिने आधी मोज, पोटातले मागून. आणि वाडियात नाव घालून ये. तुझ्या सासूशी मी बोलते."